वरातीच्या गाडीचं पितळी झाकण

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी घरातला मिक्सर खोलून बसलो होतो. गॅरेज बंद केल्यापासून माझ्या हाताला घरातल्या वस्तूच तेवढ्या उरल्या आहेत, आणि घरातली माणसं त्या माझ्यापासून लपवून ठेवतात. मी लिहायला होकार दिला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद बायकोला झाला.

मी पेट्रोल गाड्यांचा मिस्त्री. सोलापुरात सात रस्त्यामागच्या एका गल्लीत माझं गॅरेज होतं. वडील मागावर चादरी विणायचे. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, गिऱ्हाईकाशी मराठी आणि अक्कलकोटकडचं कुणी आलं तर तोडकंमोडकं कन्नड, असा माझा कारभार. पण चारही भाषांत मला एकच वाक्य न अडखळता येतं: गाडी उद्या मिळेल.

जुन्या, कार्बोरेटरवाल्या गाड्या हे माझं खास काम. नव्या गाडीला कॉम्प्युटर जोडला की ती आपलं दुखणं आपणच सांगते. जुनी गाडी काही सांगत नाही, नुसती थांबते. मग तिच्याभोवती जमलेला प्रत्येक जण सांगतो. एक म्हणतो प्लग, दुसरा म्हणतो पंप, तिसरा म्हणतो विकून टाका. मिस्त्री पोचेपर्यंत निदान झालेलं असतं, मिस्त्रीने फक्त पाना-पकड घेऊन यायचं.

इंजिनाला पेट्रोल पोचत नाही, हे दुखणं बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. वाट एवढीशीच असते. टाकी, टाकीतून निघालेली नळी, मधे कचरा अडवायला फिल्टर, पेट्रोल ओढायला पंप आणि शेवटी कार्बोरेटर, जिथं पेट्रोल आणि हवा एकमेकांत मिसळतात. या वाटेवर कुठंतरी अडलं की गाडी आधी गचके खाते आणि मग बंद पडते. कुठं अडलं ते शोधायचं, एवढंच काम. माझी पद्धत अशी की कार्बोरेटरकडची नळी सोडवायची, तिचं तोंड बाटलीत घालायचं आणि धार बघायची. धार चांगली असेल तर रोग पुढं, नसेल तर मागं. मग एकेक जोड तपासत टाकीपर्यंत सरकायचं. याला अक्कल कमी आणि चिकाटी जास्त लागते. गिऱ्हाईकाकडे नेमकं उलटं असतं.

जुळे सोलापुरातले एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांची जुनी गाडी वर्षातून दोनदा बाहेर निघायची, पाडव्याला आणि दसऱ्याला. बाकी वर्षभर ती खोळ पांघरून पार्किंगमध्ये झोपलेली. पेट्रोल असं महिनोन्महिने पडून राहिलं की त्याला वार्निशसारखा वास येतो आणि ते कार्बोरेटरच्या बारीक भोकांत चिकटून बसतं. दर सणाला गाडी सुरू व्हायची नाही आणि मला बोलावणं यायचं. मी म्हणायचो, "साहेब, आठवड्यातून एखादी चक्कर मारत जा." ते दचकून म्हणायचे, "छे हो, वापरली तर खराब होईल की!"

दुसऱ्या एका गाडीच्या टाकीत मला चक्क पायमोजा सापडला. झाकण हरवलं म्हणून मालकाने टाकीच्या तोंडात मोज्याचा बोळा कोंबला होता, तो आत गेला, आणि मालक ते विसरून गेला. मोजा पेट्रोलमध्ये पोहत असायचा आणि मनात आलं की नळीच्या तोंडावर येऊन बसायचा. गाडी थांबायची. धक्का मारला की मोजा हलायचा, गाडी चालू. मोजा मी बाहेर काढून दाखवला, तर गृहस्थ म्हणाले, "दुसरा घरी आहे, जोडी होईल."

पण मला लोक आजही विचारतात ती गुरप्पांच्या वरातीच्या गाडीची गोष्ट. विचारताना हसतात. मीही हसवत सांगतो आणि शेवट गाळतो. इथं गाळणार नाही.

गुरप्पा पूर्वी वडाप जीप चालवायचे, गावोगावची माणसं भरून. वय झालं तसं त्यांनी डोकं लढवलं. जुन्या जीपचा सांगाडा घेतला, भंगारातल्या एका कारचं पेट्रोल इंजिन त्यात बसवलं, आणि पत्रेवाल्याकडून वर अशी बॉडी ठोकून घेतली की बघणाऱ्याला राजेरजवाड्यांच्या जमान्यातली गाडी वाटावी. छप्पर नाही, पुढं परातीएवढे दोन दिवे, मागच्या बाजूला नवरानवरीसाठी लाल सोफा. लग्नाच्या वरातीला ती भाड्याने जायची. कागदपत्रांचं काय, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

या गाडीत एक गोष्ट त्यांनी हुशारीने केली होती. पेट्रोलची टाकी समोरच्या काचेच्या पुढं, इंजिनापेक्षा उंचावर बसवली होती. उंचावरचं पेट्रोल आपल्या वजनानंच खाली उतरतं, त्यामुळे पंपाची गरजच नाही. "पंपच न्हाई तर बिघडंल काय?" असं ते सगळ्यांना ऐकवायचे. टाकीचं तोंड बॉनेटच्या मागं, बरोबर मधोमध, आकाशाकडं होतं. गाडी कित्येक लग्नं बिनतक्रार फिरली.

मग ती बंद पडू लागली. वरात निघायची, बँड वाजायचा, पोरं नाचायची, आणि अर्ध्या वाटेत इंजिन गचके देऊन गप्प व्हायचं. नवरदेव गाडीत, गाडी रस्त्यात. शेवटी नाचणारेच ढकलायचे. आता प्रत्येकाच्या हातात फोन, त्यामुळे ढकलगाडीचे व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सगळ्या सोलापुरात. लग्नात गाडी अडणं म्हणजे अपशकुन, हे सांगायला कुणाला पंचांग लागत नाही. गुरप्पांची गाडी ठरवलेले लोक घोडा ठरवू लागले.

पहिल्यांदा त्यांनी गाडी आणली तेव्हा मी कार्बोरेटर खोलून धुतला, फिल्टर बदलला, बाटलीत धार बघितली. धार एकदम झकास. इंजिन चालू ठेवून मी दुपारभर दुसरी कामं केली, ते एकदाही थांबलं नाही. गाडी परत दिली. पुढच्या वरातीत ती पुन्हा बंद.

दुसऱ्यांदा गाडी आली ती नळीभर ओली फडकी गुंडाळून. वाटेत कुण्या मिस्त्रीने सांगितलं होतं की उन्हाने आणि इंजिनाच्या झळेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफेनं वाट अडते. असं खरंच होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, त्यातून गाडी माणसाच्या चालीनं रेंगाळत असेल, तर हमखास होतं. मीही तोच संशय धरला आणि नळी इंजिनापासून लांब वळवून दिली. पण एक गोष्ट बसत नव्हती. गाडी भर उन्हातल्या वरातीत कमी बंद पडायची. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, जास्त.

तिसऱ्यांदा गुरप्पा आले तेव्हा गाडीतून उतरलेच नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "मिस्त्री, एवढ्या बारीला बगा. न्हाई झालं तर भंगारात घालतो. लई झालं आता."

"चिडू नका," मी म्हटलं. "मला नीट सांगा. गाडी पहिल्यांदा कधी बंद पडली?"

"मल्लूच्या लग्नात."

मल्लिनाथ त्यांचा मुलगा. गाडी तोच चालवायचा. स्वतःच्या लग्नात अर्थातच मागं सोफ्यावर होता.

"त्याच्या आधी कधीच नाही?"

"कदीच न्हाई. नवरीला घिऊन घरी यायलो हुतो, आन दाराच्या अलीकडं गाडी ठप्प. सून पायी चालत आली घरात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्या हिच्या डोक्यात तेच बसलंय. सुनेचा पायगुण म्हणती. ही आली आन गाडी बसली."

"सून काय म्हणते?"

"ती काय म्हणंल? म्हायेरी हाय. वळसंगला."

"कधीपासून?"

"झालं की लई दिवस. दोन वराती ठरून रद्द झाल्या, त्या दिवशी घरात वाद झाला. ही म्हणली, गाडी नीट झाली की आणू तिला. तवर ऱ्हाऊ दे तितंच."

मी हात पुसत उभा राहिलो. मला गाडी दुरुस्त करता येते. एका मुलीचं घरी येणं माझ्या पान्यावर लटकलंय, हे ऐकून मला बरं वाटलं नाही. खरं सांगायचं तर रागच आला, आणि तो गुरप्पांवर आला. पण गिऱ्हाईकावर राग काढायची सोय आमच्या धंद्यात नाही, म्हणून मी बॉनेट उघडलं.

सासूचा हिशेब मला हसण्यावारी नेता आला नाही. आमचाही पहिला प्रश्न तोच असतो: बिघाड सुरू होण्याच्या आधी नवीन काय आलं? नवी बॅटरी, नवा पंप, नवा ड्रायव्हर, जे नवीन असेल त्यावर आधी संशय. फरक एवढाच की एक नवी गोष्ट सापडली म्हणून आम्ही तिथंच थांबत नाही, त्या दिवशी आणखी काय नवीन होतं तेही विचारतो.

म्हणून विचारलं, "लग्नात गाडीला काय नवीन केलं होतं?"

"कायच न्हाई. रंग मारला. आन ते झाकण."

टाकीवर पूर्वी साधं लोखंडी झाकण होतं. मुलाच्या लग्नासाठी गुरप्पांनी तांबटाकडून पितळेचं घडवून घेतलं होतं, वर कळसाचा आकार. बॉनेटच्या मागं मधोमध ते सोन्यासारखं चमकत होतं. मी ते काढून उलटंसुलटं बघितलं. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक लागतं, हवेसाठी. तांबटाने ते बरोबर पाडलं होतं, कळसाच्या बुडाशी. मी फुंकर मारली, हवा आरपार गेली. झाकण निर्दोष. मी पुन्हा जिथल्या तिथं.

शेवटी अगदी बाळबोध प्रश्न विचारला. "गाडी बंद पडल्यावर मल्लू पहिलं काय करतो?"

"काय करंल? झाकण उगडून पेट्रोल बगतो."

"असतं?"

"असतंय की. भरपूर असतंय. झाकण लावायचं, थोडं थांबायचं, सेल्फ मारायचा. ढकलून बाजूला घितल्यावर चालू हुतीच की ती."

"दरवेळी?"

"व्हय. तेच तर कळंना. आन मिस्त्री, टाकी फुल करून निगालो की लवकर बंद पडती. अर्धी असली तर उशिरा. उलटंच चाललंय सगळं."

हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर त्यांचे दोन फेरे वाचले असते. पण ते वेड्यासारखं वाटेल म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यात काहीतरी जुळत होतं, पण हातात पुरावा म्हणून जे झाकण होतं ते लख्ख होतं. मी म्हटलं, "पुढच्या वरातीला मी तुमच्या घरून गाडीबरोबर येतो."

ठरल्या दिवशी ऊन कलताना मी त्यांच्या घरी गेलो. गाडी धुऊन अंगणात उभी होती. गुरप्पांची बायको, महादेवी, पूजेचं ताट घेऊन बाहेर आली. अंगाने बारीक, ताठ, बोलणं मोजकं. गाडी बाहेर पडताना पूजा करतात हे मला ठाऊक होतं, सगळेच करतात. बॉनेटवर कुंकवाची दोन बोटं आणि चाकाखाली लिंबू, एवढी माझी कल्पना. पण या गाडीला मधोमध कळस होता. कळस असताना बॉनेटची पूजा कोण करील?

तिनं कळसावर पाणी शिंपडलं. हळद तेलात कालवून आणली होती, ती बोटांनी सगळ्या झाकणावर दाट थापली, बुडापर्यंत. त्यावर कुंकू, त्यावर अक्षता. डोळे मिटून ती बराच वेळ उभी राहिली. ओठ हलत होते. गाडी थांबू नये, एवढंच ती मागत असणार.

"वहिनी, पूजा पहिल्यापासून अशीच करता?" मी विचारलं.

"पयल्यांदा लग्नात केली. तवा थोडीच हळद लावली हुती," ती म्हणाली. "गाडी बसाया लागल्यापासनं जास्त करते."

"आणि नंतर झाकण कोण साफ करतं?"

"मीच. दुसऱ्या दिवशी चिंचेनं घासते. पितळ काळं पडतंय की."

लग्नघरी गाडीची वाट बघत माणसं उभी होती, आणि जे मनात होतं ते अजून सिद्ध व्हायचं होतं. कार्बोरेटरच्या मिस्त्रीच्या खिशात एक बारीक तार कायम असते, जेट म्हणजे कार्बोरेटरची बारीक भोकं साफ करायची. ती आहे ना, हे चाचपून मी मल्लूशेजारी बसलो.

वरात निघाली. डीजेच्या आवाजात इंजिन ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून मी तळहात काचेखालच्या पत्र्यावर ठेवला होता. सात रस्त्याच्या अलीकडे गर्दीत गाडी रेंगाळली आणि हाताला पहिला गचका लागला. मग दुसरा. मल्लूने माझ्याकडे बघितलं, त्याचा चेहरा उतरला होता. त्याचा हात झाकणाकडे जाणार हे ओळखून मी म्हटलं, "उघडू नको. रेस धर."

मी खाली उतरलो. वरात चालीच्या वेगानं जात होती, शेजारून चालायला अडचण नव्हती. बॉनेटशी गेलो आणि फुलांच्या माळा नीट करतोय असं दाखवत हळदीत तार खुपसली. भोक सापडलं. फुसकारा त्या गोंधळात ऐकू येणं शक्य नव्हतं, पण तारेभोवतीची ओली हळद आत ओढली गेलेली मला दिसली. गचके थांबले. इंजिनाने सूर धरला तो मांडवापर्यंत सोडला नाही. नवरदेवाला काही कळलं नाही. त्याचं लक्ष नाचणाऱ्या मेव्हण्यांकडे होतं.

हे असं घडत होतं. टाकीतून पेट्रोल खाली उतरलं की रिकाम्या झालेल्या जागेत हवा यायला हवी. हवा यायची वाट बुजली की टाकी आतून पेट्रोल ओढून धरते, सोडत नाही. टाकी भरलेली असेल तर आत हवा मुळातच कमी, म्हणून अडणं लवकर. उन्हात पेट्रोलची वाफ आतून रेटा देते, म्हणून दिवसा निभायचं. संध्याकाळी टाकी निवाली की ओढ वाढायची. झाकण उघडून आत पाहिलं की त्या पाहण्यानेच हवा आत जायची आणि रोग पळायचा. माझ्याकडे गाडी यायची ती चिंचेनं घासलेली, भोक उघडं असलेली. रोग होता, पण मला कधी भेटतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी जाऊन मी हे सगळं सांगितलं. गुरप्पा मांडीवर थाप मारून हसले. "आयला! म्हंजे देवाला घातलेलं साकडंच गाडीला नडलं म्हना की!" मल्लूही हसला. महादेवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली नाही. मला वाटतं तिला नीट कळलंही नव्हतं, नवरा आपल्यावर हसतोय एवढंच कळलं होतं. ते मला आवडलं नाही.

मी तिला विचारलं, "वहिनी, गोडेतेलाचा डबा फोडता तेव्हा भोकं किती पाडता?"

"दोन."

"एक का नाही?"

"एकातनं तेल येतंय, दुसऱ्यातनं वारं आत जातंय. दुसरं बुजलं की तेल..."

ती तिथंच थांबली. गुरप्पांचं हसूही ओसरलं.

"म्हंजे ते वारं मी बंद करत हुते," ती म्हणाली.

"हो."

"मल्लूच्या लग्नात बी?"

"हो. त्या दिवशी झाकण नवीन होतं, पूजाही पहिलीच."

"आन मंग दर बारीला जास्तच थापत गेले." ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली आणि आत गेली. आम्ही तिघे चहाच्या रिकाम्या कपांकडे बघत बसलो. ती बाहेर आली ती अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी. "वळसंगला कवा निगायचं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

मी म्हटलं, मला आजचा दिवस द्या. गाडी गॅरेजला नेली आणि टाकीच्या बाजूला वरच्या अंगाला एक बारीक नळी बसवली, तोंड खाली वळवून. आता झाकणावर हळदीचा डोंगर केला तरी टाकीला हवा मिळणार होती. चाचणी करायची तर रोगाला सगळी मुभा द्यायला हवी. म्हणून टाकी फुल केली, संध्याकाळची वेळ धरली आणि महादेवीला म्हटलं, "नेहमीसारखी पूजा करा, बिनधास्त." तिनं ताटाला हात लावला नाही. मग मीच झाकणाचं भोक साबणाने बुजवलं.

मल्लू गाडी चालवत होता, मी शेजारी. मागच्या लाल सोफ्यावर गुरप्पा आणि महादेवी, नवरानवरीसारखे. रस्त्यातली माणसं बघून हसत होती. मी मल्लूला मुद्दाम चालीच्या वेगानं मधून मधून गाडी रेंगाळवायला सांगत होतो. एक गचका नाही. मला मनापासून आनंद झाला होता. असा रोग हाताला लागणं, तोही वस्तू न बदलता, मिस्त्रीच्या आयुष्यात फार वेळा होत नाही. वळसंग येईपर्यंत मी तो आनंद पुरवून पुरवून खाल्ला.

सुवर्णा, म्हणजे सून, घरापुढच्या कट्ट्यावर बसून सुपात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. गाडी बघून उठली. सासऱ्याच्या पाया पडली, सासूच्या पडली. तिच्या आईने पाणी आणून दिलं. गुरप्पांना दम निघत नव्हता. "अगं सुवर्णा, गाडीचाच दोष निगाला बग! तुजा काय बी न्हाई! मिस्त्री, सांगा की हिला, सांगा."

मी झाकण काढून हातात घेतलं आणि सांगितलं. हळद, भोक, हवा, सगळं. तिनं मन लावून ऐकलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "म्हंजे झाकण उगडलं की चालू व्हायची. तुमी दर टायमाला उगडून बगत हुता."

मल्लू खाली बघत "व्हय" म्हणाला.

"चल आता," महादेवी म्हणाली. "पिशवी भर. चुकलं माजं. गाडीचा दोष हुता, तुजा न्हाई."

सुवर्णा जागची हलली नाही. आवाजही चढवला नाही. "आत्या, गाडीचं कळलं. बरं झालं. उद्या बोरचं पानी आटलं, न्हाईतर म्हस आटली. तवा मिस्त्री कुटनं आणणार?"

माझ्या हातात ते झाकण होतं आणि ते कुठं ठेवावं हे मला कळेना. मी तिची सुटका करायला आलो आहे, अशा थाटात आलो होतो. मी एका गाडीतला दोष काढला होता. तिला जो चिकटवला होता तो काढायचं हत्यार माझ्या पेटीत नव्हतं, आणि हे तिला माझ्या आधी कळलं होतं. सकाळपासून पुरवलेला माझा आनंद तिथं संपला.

गुरप्पा म्हणाले, "अगं, असं काय बोलतीस? आलाव की आमी सगळी. चल, अंधार व्हायलाय."

"तुमी जावा, मामा. मी येनार न्हाई असं न्हाई. पर आज न्हाई. ह्या गाडीत तर न्हाईच."

गुरप्पांना राग आला असावा. ते वळून गाडीकडे चालू लागले. मल्लू दोन पावलं बायकोकडे गेला, मग बापामागं गेला. मीही झाकण लावायला निघालो. महादेवी मात्र निघाली नाही. तिनं चपला काढल्या, पिशवी भिंतीशी ठेवली आणि कट्ट्यावर बसून सूप आपल्याकडे ओढलं.

गुरप्पांनी गाडीतून हाक मारली. "काय करायलीस? बस की गाडीत!"

"तुमी जावा," ती शेंग फोडत म्हणाली. "ती यील तवा मी येते."

सुनेच्या माहेरी सासू सहसा मुक्कामाला राहत नाही. जेवली तरी उजेड असताना निघते. गुरप्पा उभे राहिले, मल्लू उभा राहिला, सुवर्णाची आई दारात उभी राहिली. सुवर्णा थोडा वेळ सासूच्या बोटांकडे बघत होती. मग तीही कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली, सुपापासून लांब.

आम्ही तिघे परत निघालो. गाडी सोलापूरपर्यंत एकदाही अडखळली नाही आणि गाडीचं कुणी कौतुकही केलं नाही.

पुढं बऱ्याच दिवसांनी गुरप्पा ऑईल बदलायला आले. सासू-सून दोघी एसटीनं एकत्र आल्या, असं त्यांनी बोलता बोलता सांगितलं. किती दिवसांनी, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.